मास्तरची बाजू

४ मार्च

संपादकबाईंकडून हस्तलिखित परत आलं. पहिल्या दहा प्रकरणांत पेन्सिलीच्या खुणा आहेत, साधारण अपेक्षेप्रमाणेच. लांब वाक्यं तोडली आहेत, ‘अचानक’ हा शब्द दिसेल तिथे कापला आहे, एके ठिकाणी समासात ‘हे आम्हाला कळलंय, पुढे चल’ असं लिहिलं आहे. सगळं मान्य आहे. मोजमाप चुकलं की सुधारायचं, त्यात वाईट काय वाटून घ्यायचं.

अकरावं प्रकरण वेगळं. त्यात एकही खूण नाही. शेवटच्या पानाखाली फक्त प्रश्न: ‘मास्तर कुठे आहे?’

मास्तर प्रत्येक पानावर आहे. ते प्रकरण म्हणजे सबंध एक वाद आहे. शहरातल्या नळांना मीटर बसवावेत की नाही यावर सभा भरते. एका बाजूला पाणीपुरवठ्यातली इंजिनिअर, म्हणजे माझी नायिका, आणि दुसऱ्या बाजूला विरोधकांचा पुढारी, एक शाळामास्तर. सगळी कादंबरी या प्रकरणावर उभी आहे. आणि बाई विचारतात तो कुठे आहे.

उद्या कामावरून सुटल्यावर जाऊन विचारते.

५ मार्च

प्रकाशनाची कचेरी सायकलदुरुस्तीच्या दुकानावर आहे. जिन्यात रबर चिकटवायच्या सोल्युशनचा वास असतो, वर पोचेपर्यंत त्यात कागदाचा वास मिसळतो. बाई खिडकीशी उभ्या राहून सफरचंद खात होत्या.

“मास्तर आहे की प्रत्येक पानावर,” मी म्हणाले.

“नाव आहे. माणूस नाही. तू एक बाहुली मांडलीस आणि तिला ठोसे मारलेस. बाहुली पडली. आता आम्ही काय करायचं, टाळ्या वाजवायच्या?”

“त्याचे मुद्दे खरे आहेत. लोक असंच बोलतात. मी सभांमधून ऐकलंय.”

“ऐकलंस, की खोडून काढायला टिपून घेतलंस?”

यात फरक काय, हे मी विचारलं नाही.

“हे बघ,” त्या म्हणाल्या, “महिनाअखेरीला पुस्तक छापायला जाणार. अकरावं असंच राहणार असेल तर मी ते काढणार. दहावरून बारावर उडी मारली तरी गोष्ट चालते, मी वाचून बघितलंय. थोडी लंगडते. पण चालते.”

“ते काढलं तर पुस्तकात उरलं काय?”

“मग त्याला जिवंत कर.”

मी निघाले तर मागून म्हणाल्या, “एक सांग. हे तू कोणासाठी लिहिलंयस?”

“वाचकांसाठी.”

“बरं,” असं म्हणून त्यांनी उरलेलं सफरचंद कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

प्रकरण मी काढू देणार नाही.

६ मार्च

आमच्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत दर सकाळी यंत्रात आधी शुद्ध पाणी घालतो. त्यात काही नाही हे आम्हाला ठाऊक असतं; यंत्रही ‘काही नाही’ म्हणालं की पहिली परीक्षा झाली. पण तिथेच थांबलं तर बिघडलेलं यंत्रही पास होईल. म्हणून नंतर मुद्दाम गढूळ केलेलं पाणी घालायचं, आणि त्याला ते दिसतं का ते बघायचं.

आज ते करताना लक्षात आलं की मास्तरच्या जागी मी शुद्ध पाणी घातलं आहे. नायिका जिंकते, कारण समोर काहीच नाही.

वाचताना हे मला लगेच कळतं. कथानकाच्या सोयीसाठी एखादा माणूस ऐन वेळी मूर्ख झाला की मी पुस्तक मिटते. अशी पुष्कळ मिटली आहेत, त्यात नावाजलेलीही होती. माझं पुस्तक दुसऱ्या कोणाचं असतं तर अकराव्या प्रकरणात मी तेही मिटलं असतं. आपलं लिहिलेलं वाचताना आपण वाचत नाही, आठवतो. म्हणून दिसत नाही.

मास्तर कोणावरून घेतला, हे बाईंनी विचारलं नाही. इथे लिहायला हरकत नाही: दादावरून. तो शाळेत शिकवतो आणि मीटरविरोधी समितीचा मुख्य वक्ता आहे. मी पाणीपुरवठा विभागात आहे आणि मीटर हवेत या मताची आहे. गेल्या वर्षीच्या सभेत मी बोलायला उठले तेव्हा तो माईकवरून म्हणाला, “आमच्या घरी आधीच एक मीटर बसलाय. माझी धाकटी बहीण. कधी बंद पडत नाही, आणि रीडिंग कायम माझ्याविरुद्ध.” सभागृह हसत सुटलं. मी न बोलता निघून आले. त्यानंतर आमचं बोलणं आईमार्फत होतं, किंवा होत नाही.

९ मार्च

शनिवार, म्हणून आईकडे. दादा रविवारी जातो. असं कोणी ठरवलं नव्हतं, पडत गेलं.

“तुमचं मिटायचं कधी?” आईने कपडे घड्या करता करता विचारलं.

“मिटायला भांडण झालेलं नाही. मतभेद आहेत.”

“मतभेद असणारी माणसं एका दिवशी येतात गं. वार वाटून घेतात त्याला भांडण म्हणतात.”

मी चादरीची दोन टोकं धरली.

“परवा विचारत होता, पट्टीचं पुस्तक कधी येतंय.”

लहानपणी मी दिसेल ते पट्टीने मोजायचे, त्यावरून दादाने ते नाव पाडलं.

“तू कशाला सांगितलंस त्याला?”

“मी? तुझ्या मासिकातल्या गोष्टी मला तोच आणून देतो. तू कुठे देतेस? ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही तुझी पहिल्यापासूनची सवय.”

आई दोन्हीकडे गोड बोलते. मी ते नोंदवून ठेवलं, विश्वास ठेवला नाही.

१३ मार्च

तीन संध्याकाळी घालवून मास्तरला नवे मुद्दे दिले. समितीची सगळी पत्रकं मिळवली, त्यांतले सर्वांत बळकट तर्क निवडले, क्रमाने लावले. आता त्याच्या बोलण्यात एकही चूक नाही.

बाईंनी माझ्यासमोरच वाचलं. “आता बाहुलीच्या हातात कागद दिलास,” म्हणाल्या. “हा बोलत नाहीये, अहवाल सादर करतोय. अगं, वाद घालणारा माणूस कधी क्रमाने बोलतो का? त्याला राग येतो, तहान लागते, मध्येच भलतंच आठवतं.”

मी म्हणाले, मी क्रमाने बोलते.

“हो, तेही दिसतंय,” त्या म्हणाल्या. “जुनंच प्रकरण राहू दे तोवर. हे त्याच्याहून वाईट आहे.”

१५ मार्च

या कचेरीत प्रूफं जुन्या पद्धतीने तपासतात. एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचतो, विरामचिन्हांसकट. दुसरा समोर छापील प्रूफ धरून अक्षर न् अक्षर जुळवतो. वाचणारे काका डोळ्याच्या ऑपरेशनमुळे सुट्टीवर आहेत.

“जुळवायला तू बस,” बाई म्हणाल्या, “आणि वाचणारा शोधून आण. शक्यतो तुझ्याशी न पटणारा. पटणारी माणसं वाचताना डुलक्या घेतात.”

“अकरावंही जुळवायचं? ते राहणार की जाणार ते ठरलेलं नाही.”

“आधी तेच जुळवा.”

प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, “तू लिहिलंयस म्हणजे बरोबरच असणार.” त्याला नको म्हटलं.

संध्याकाळी दादाला संदेश पाठवला: ‘प्रूफांसाठी मोठ्याने वाचणारा हवा आहे. विषय तुला आवडणार नाही. चहा मिळेल.’

उत्तर लगेच आलं. फोन हातातच असावा. ‘स्वल्पविराम पण म्हणायचे का?’

‘हो.’

‘येतो.’

एवढ्या सहज हो म्हणेल असं वाटलं नव्हतं. रविवारी रिकामा असेल.

१७ मार्च

जसं झालं तसं लिहिते.

दादा ठरल्या वेळेआधी आला. बाईंना नमस्कार केला, मला “कुठे बसू?” एवढंच विचारलं. मी समोरची खुर्ची दाखवली. त्याने ती उचलून माझ्या डाव्या हाताला आणली. वाचणाऱ्याने असंच बसायचं असतं, म्हणाला. अशी काही पद्धत आहे का, बाईंना विचारायला हवं. मला उजव्या कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे सोयीचंच पडलं. बाई आतल्या खोलीत गेल्या आणि दार अर्धं उघडं ठेवलं.

त्याने वर्गात शुद्धलेखन घालावं तसं सुरू केलं. “प्रकरण अकरा. परिच्छेद. सभागृह भरलं होतं स्वल्पविराम मागे उभं राहायलाही जागा नव्हती पूर्णविराम.” मी बोट फिरवत होते. दोन चुका सापडल्या, दोन्ही वेलांटीच्या.

मग मास्तरचा प्रवेश आला आणि तो थांबला.

“हा कोटाच्या पाठीला खडूचा हात पुसतो?”

“हो.”

“मी खिशाला पुसतो.”

“ही कादंबरी आहे.”

“असू दे की. पण पाठीपर्यंत हात पोचतो कसा याचा?” त्याने उठून करून पाहिलं. हात पोचला नाही, पेन खाली पडलं. आतून बाईंच्या खोकण्याचा आवाज आला. मी ‘पाठीला’ वर काट मारून ‘खिशाला’ केलं. शरीररचनेची चूक ही चूकच.

पुढे मास्तरचं पहिलं भाषण. प्रूफमध्ये होतं, ‘पाणी ही निसर्गाची देणगी आहे! ते गरिबांना फुकटच मिळालं पाहिजे!’ माझ्या कानावर आलं ते असं:

“फुकट नको आम्हाला. मोजा, खुशाल मोजा. पण नळ बंद करायची किल्ली कोणाच्या हातात देताय, ते आधी सांगा.”

“थांब,” मी म्हणाले. “इथे ते नाही.”

“काय नाही?”

“तू वाचलंस ते. ‘निसर्गाची देणगी’ असं आहे.”

त्याने कागद जवळ धरला, लांब धरला. खरंच त्याच्या लक्षात आलं नव्हतं. “असं कोण बोलतं?”

“तुम्ही लोक.”

“पट्टे, मी इतकी वर्षं घसा फोडतोय. एकदा तरी देणगी म्हणालो?”

मी आठवून पाहिलं. सापडलं नाही. “पत्रकात होतं,” मी म्हणाले.

“पत्रक मी लिहीत नाही. मला ते वाचवतही नाही.”

असं आणखी तीन-चारदा झालं. लिहिलेलं एक, तोंडातून येतंय दुसरं, आणि दर वेळी मी बोट ठेवून थांबवत होते. चौथ्यांदा मी थांबवायच्या आधी त्याचं वाक्य समासात लिहून घेतलं.

नायिकेच्या बोलण्याशी आला तेव्हा तो मंदावला. “शुद्ध केलेल्या पाण्यापैकी तिसरा हिस्सा नळापर्यंत पोचतच नाही स्वल्पविराम वाटेत जमिनीत मुरतो पूर्णविराम मोजल्याशिवाय ते कुठे जातं हे कळणार कसं प्रश्नचिन्ह.” मग माझ्याकडे बघून, “हे खरं की कादंबरी?”

“खरं.”

“मग सभेत का नाही सांगितलंस?”

“सांगायला उठले होते. त्याआधी तू विनोद केलास.”

त्याने पुढचं पान घेतलं. त्या पानावर मास्तर नायिकेला भर सभेत म्हणतो, ‘शिकलेल्या बायकांना आकडे दिसतात, माणसं दिसत नाहीत!’ त्याने ते उद्गारचिन्हासकट वाचलं आणि कागद खाली ठेवला.

“हे मी म्हणालो होतो?”

“नाही. मास्तर म्हणतो.”

“मी तुझ्याबद्दल असं म्हणेन, असं वाटलं तुला?”

“त्या जागी एक जिव्हारी लागणारं वाक्य हवं होतं.”

“मग खरं वाक्यच घाल ना. मीटरचं.”

“ते विनोदी आहे. वाचक त्याच्या बाजूने हसतील.”

“तेव्हाही हसलेच होते की. म्हणून तर लागलं ना तुला?”

मी ओळीवरचं बोट काढलं नाही. सोडलं तर जागा हरवते. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली दुकान बंद होतं, बघण्यासारखं काही नव्हतं. मग येऊन बसला, “पुढे वाचू?” म्हणाला, आणि उरलेलं प्रकरण एकही विरामचिन्ह न गाळता वाचलं. शेवटी आवाज बसला होता. बराच वेळ वाचल्यामुळे असेल.

चहा राहून गेला.

२० मार्च

अकरावं पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिलं. मास्तरची सगळी उद्गारचिन्हं काढली. आकडे-माणसंवालं वाक्य गेलं, तिथे मीटरचा विनोद आला. सभा हसते. लिहिताना मलाही थोडं हसू आलं, ते नोंदवते. वाक्य चांगलं बांधलेलं आहे.

अडचण किल्लीपाशी. मास्तर विचारतो, नळ बंद करायचा अधिकार कोणाच्या हातात? नायिकेने उत्तर द्यायला हवं. तीन उत्तरं लिहिली. तिन्ही खरी होती आणि एकही त्या प्रश्नाचं नव्हतं.

म्हणून आज दुपारी विभागातला, मीटर बसवणाऱ्या कंपनीशी व्हायच्या कराराचा मसुदा काढून वाचला. मीटरची अचूकता, पाइपांचे व्यास, हे मीच तपासलं होतं. नळ तोडण्याचं कलम मागे आहे: नोटीस द्यायची, मुदत संपली की कंपनी पाणी बंद करू शकते. तक्रार कोणाकडे करायची, ते लिहिलेलं नाही. ते पान माझ्या विभागाचं नव्हतं, त्यामुळे मी ते वाचलं नव्हतं.

माझ्या नायिकेनेही वाचलेलं नसणार. ती प्रकरणाच्या शेवटी गप्प राहते. तसंच ठेवलं.

२२ मार्च

बाई वाचून झाल्यावर एकच शब्द बोलल्या. “आला.”

मग प्रकाशक आले. तेही वाचून आले होते. “लिहिलंय झकास,” म्हणाले, “पण आता तुमची नायिका निरुत्तर होते. शेवटी दोन ओळी टाका तिच्या तोंडी. पारडं सारखं होईल.”

“पारडं तिथे सारखं नाही.”

“अहो, पुस्तक मीटरविरोधी ठरेल. आणि तुम्ही पाणीपुरवठ्यात नोकरीला. उद्या तुमचेच साहेब विचारतील, हे काय आहे म्हणून.”

“विचारू देत. माझं मत बदललेलं नाही. मीटर हवेतच.”

“मग तेच लिहा की.”

“दहा प्रकरणं तेच लिहिलंय. इथे तिला उत्तर माहीत नाही. माहीत नसताना ती बोलली तर ती खोटी, आणि मग तिची गळतीही कोणी खरी मानणार नाही.”

प्रकाशकांनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, “माझ्याकडे बघू नका. ही ऐकत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.”

प्रकरण राहिलं. रविवारपर्यंत नवं प्रूफ मिळेल.

२६ मार्च

आज मीटरवर जाहीर सुनावणी. मी विभागातर्फे गळतीचे आकडे मांडले. या वेळी कोणी हसलं नाही. बरेच जण मधून उठून गेले, ते जास्त वाईट.

दादा नंतर बोलला. किल्लीचा मुद्दा त्याने फार चांगला मांडला. गळतीचं एक अक्षर नाही. त्याला आता माहीत आहे. माझ्या डाव्या कानाशी बसून त्याने ते स्वतःच्या तोंडाने वाचलं आहे. तरी वाचलं नसल्यासारखा बोलला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर अकराव्याचं नवं प्रूफ समोर घेतलं. किल्लीचं वाक्य एका रेघेत जाईल. ते गेलं की मास्तर पुन्हा पूर्वीसारखा, आणि नायिका जिंकते. पुस्तक माझं आहे. मला कोणी अडवणार नाही. लाल पेनाचं टोपण काढून बसले होते.

मग टोपण लावलं. सुनावणीला मास्तर नव्हता, दादा होता. एकाचा राग दुसऱ्यावर काढणं हे अचूक नव्हे.

२७ मार्च

नवं प्रूफ जुळवायला दादा आला, शाळेतून थेट. या वेळी त्याने कागदावर होतं तेवढंच वाचलं. एकदाही थांबवावं लागलं नाही. मीटरच्या विनोदापाशी तो क्षणभर अडखळला, पण शब्द बरोबर होते.

वाचून झाल्यावर मी म्हणाले, “काल तू गळतीचं बोलला नाहीस.”

“नाही बोललो.”

“तुझ्यापेक्षा मास्तर बरा. तो निदान ऐकून घेतो.”

“त्याचं बरं आहे,” दादा म्हणाला. “त्याला संपादक मिळाली.”

बाई आतून म्हणाल्या, “मी ऐकतेय हां.”

दादाने प्रूफाची पानं टेबलावर आपटून सारखी केली. “हे बघ. शनिवारी आमच्या लोकांची बैठक आहे. तू ये. गळतीचं तू सांग.”

“तूच का सांगत नाहीस?”

“मी सांगितलं तर म्हणतील, विकला गेला. तू सांगितलंस तर नुसते चिडतील.”

“चिडलेल्या माणसांपुढे मी कशाला येऊ?”

“मी असेन ना तिथे.”

हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तरी मी येते म्हटलं. विभागातर्फे जाता येणार नाही, परवानगी मिळणार नाही. स्वतःतर्फे जाईन. साहेबांना तसं आजच लेखी कळवलं, म्हणजे नंतर लपवाछपवी नको.

जाताना त्याने विचारलं, “ही तुझी इंजिनिअर शेवटी काहीच बोलत नाही, ते मुद्दाम?”

“हो.”

“बरं केलंस,” म्हणाला, आणि जिना उतरून गेला. खाली सायकलवाल्याशी पाच मिनिटं गप्पा मारत उभा होता. कोणाशीही बोलू शकतो.

२९ मार्च

पुस्तक सकाळी छापखान्यात गेलं. अकरावं प्रकरण त्यात आहे, पूर्ण.

उद्याची तयारी केली. एरवी मी आकडे लिहिते, मग त्यांवरून निघणारे निष्कर्ष, आणि थांबते. आज आधी त्यांचे प्रश्न लिहिले. माझ्या शब्दांत लिहून बघितले, ते मेलेले वाटले. मग ते जसे विचारतील तसे लिहिले: ‘तुमच्या फुटक्या पाइपांचे पैसे आम्ही का भरायचे?’, ‘गळती तुमची आणि मीटर आमच्या दारात, हा कुठला न्याय?’ बाकीही याच सुरातले. एकेकापुढे उत्तर लिहीत गेले. काही उत्तरं पूर्वी वाटायची तेवढी मजबूत नाहीत, पण उभी राहतात.

किल्लीच्या प्रश्नापुढे बराच वेळ जागा कोरी राहिली. कादंबरीत गप्प राहून भागलं. उद्या गप्प राहिले तर त्यांना वाटेल, लपवते आहे. शेवटी लिहिलं: ‘याचं उत्तर करारात नाही. माझ्याकडेही नाही. ते असायला हवं.’

हे मी आजवर कुठल्याही सभेत म्हटलेलं नाही. उभी राहून मोठ्याने म्हणून पाहिलं. पहिल्यांदा माफी मागितल्यासारखं आलं. दुसऱ्यांदा बरं आलं.